लाल बटण उजव्या खांद्याकडे

झुंबरबाईंनी दोन अख्ख्या स्ट्रिपा काउंटरवर ठेवल्या आणि याच्या बदल्यात गुडघ्याला लावायचा बाम दे म्हणाल्या, तेव्हा रूपलच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की बरं झालं, कापलेल्या नाहीत. दुकानाचा नियमच तसा होता: स्ट्रिप कापली की परत नाही. सासऱ्यांनी, म्हणजे हीरालालजींनी, तो तेवीस वर्षांपूर्वी पाटीवर रंगवून घेतला होता, आणि अर्धी गिऱ्हाइकं त्या पाटीला पाठ टेकूनच वाद घालत. झुंबरबाई मात्र नियमाच्या पक्क्या. पंधरा आणि पंधरा, तीस गोळ्या, एकीचीही चांदी फुटलेली नाही. रूपलने सवयीने बॅच नंबर पाहिला, मुदत पाहिली, बाम काढायला वळली, आणि पाठमोरी असतानाच तिच्या लक्षात आलं की या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. झुंबरबाईंच्या नवऱ्याच्या. भाईदासनाना दर महिन्याच्या तीन तारखेला एरंडोलजवळच्या आपल्या गावाहून जळगावला येत आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन जात. आज सोळा तारीख होती. तिने हात वर तसाच ठेवून विचारलं, नाना गोळ्या घेत नाहीत का? झुंबरबाईंनी तिच्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "कसाले घेतीन, भाभी? तूच तं देखं ना मशीनवर."

मशीन म्हणजे दुकानातल्या टीव्हीचा रिमोट होता.

हे कुणाला समजावून सांगायचं तर जूनपासून सुरुवात करावी लागली असती, आणि रूपलला कुणाला काही समजावून सांगायचं म्हटलं की आधी मनात आकृती काढावी लागे. जूनमध्ये धुळ्याच्या एका संस्थेने दोन अभ्यासक्रम जाहीर केले. एक, औषध दुकानातली आरोग्यसेवा. दुसरा, हृदयाच्या सोनोग्राफीची तोंडओळख. दोन्हींना नऊ-नऊ अर्ज आले. नऊ जणांसाठी पंखासुद्धा लावायला परवडत नाही म्हणून संचालकांनी दोन्ही जोडून एकच प्रमाणपत्र केलं आणि उद्घाटनाच्या भाषणात त्याला दूरदृष्टी म्हटलं. दर शनिवारी रूपल सकाळच्या बसने धुळ्याला जाई. सकाळी पहिला पेपर. त्यात शिकवत की औषध देणारा माणूस म्हणजे काही हात नव्हे, त्याने बोललं पाहिजे. प्रत्येक गोळीमागे चार गोष्टी सांगायच्या: ही कशासाठी आहे, कधी घ्यायची, घेतल्यावर काय वाटू शकतं, आणि कोणाला न विचारता बंद करायची नाही. मग शेवभाजी आणि भाकरी. मग दुसरा पेपर, हितेंद्र सरांचा. सर सांगत की पडद्यावर काहीही दिसो, आपण बोलायचं नाही. निदान डॉक्टर सांगतील. आपला चेहरा पोस्टाच्या खिडकीसारखा हवा, माणूस आत बसलेला आहे एवढंच कळावं. म्हणजे जेवणाआधी बोलायचं आणि जेवणानंतर गप्प राहायचं. रूपलने दोन्ही वह्यांना वेगवेगळ्या रंगाचे कागद घातले होते. तिच्या मते त्यामुळे गोंधळाला वावच नव्हता.

संस्थेत मशीन एक आणि विद्यार्थी अठरा, त्यामुळे एका शनिवारी एकाच्या वाट्याला खरा प्रोब सहा मिनिटं येई. प्रोब म्हणजे छातीवर टेकवायचा तो मुठीएवढा तुकडा. घरी हात बसवा, सर म्हणाले, काहीही घ्या. कुणी साबणाची वडी घेतली, पिंपळनेरच्या एकाने बटाटा घेतला आणि बटाट्याला खूण कुठे करायची हे विचारून वर्गाची पाच मिनिटं घालवली. रूपलने फूटपट्टीने मोजलं. टीव्हीचा रिमोट लांबीला जास्त होता, पण रुंदीला तंतोतंत, आणि त्याच्या एका टोकाला लाल बटण होतं, म्हणजे प्रोबवर असते तशी खूण आयतीच. पहिलं दृश्य, हृदयाचा उभा छेद: लाल बटण उजव्या खांद्याकडे. तिथून नव्वद अंश फिरवलं की आडवा छेद: लाल बटण डाव्या खांद्याकडे. दुकानाच्या मागच्या बाजूला, फ्रीजजवळच्या बाकावर ती सासूबाईंना डाव्या कुशीवर निजवी. लाडकुंवरबाईंना हे फार आवडे. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, दुपारच्या वेळी त्यांना कोणी आडवं होऊ दिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मात्र त्यांच्या तिसऱ्या बरगडीखाली कुठलंसं बटण दाबलं गेलं आणि समोर चाललेलं प्रवचन जाऊन कबड्डी लागली, हीरालालजी ओरडले, आणि तेव्हापासून निजण्याआधी त्या रिमोटमधले सेल काढून मुठीत धरून ठेवत.

तीन तारखेला भाईदासनाना गोळ्या घेऊन वळले आणि त्यांना हे दृश्य दिसलं. त्यांनी हे काय म्हणून विचारलं, रूपलने सराव आहे असं सांगितलं, लाडकुंवरबाईंनी उठून जागा करून दिली, आणि कोणी काही ठरवायच्या आत नाना सदरा वर करून बाकावर डाव्या कुशीवर होते. ते थंडगार लावतात ते लाव, असंही म्हणाले, कारण एकदा मोठ्या दवाखान्यात त्यांचं हे झालेलं होतं. इथे रूपलने नाही म्हणायला हवं होतं. पण शेल्फात जेलची बाटली होती आणि जेल लावल्यावर हात कसा घसरतो ते तिला पाहायचं होतं. तिने अभ्यासक्रमातली चारही दृश्यं घेतली. श्वास सोडा, थांबा, घ्या. घड्याळ लावून वीस मिनिटं. डोळ्यांसमोर पुस्तकातलं पान एकेचाळीस होतं, त्यावरचे कप्पे ती एकेक करून ओलांडत होती. संपल्यावर नानांनी मान वळवून तिच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रूपलने पोस्टाची खिडकी धरून ठेवली, कापसाने छाती पुसली आणि धन्यवाद म्हटलं. रिमोटच आहे हा, नाना, असंही म्हणाली होती, पण सुरुवातीला. संध्याकाळी हिरव्या कागदाच्या वहीत तिने नोंद केली: हाताचा कोन ठीक. दाब जास्त. चेहरा उत्तम.

झुंबरबाई स्ट्रिपा परत न्यायला तयार झाल्या नाहीत. "तो मनं आयकत नही. तुनं आयकस. तूच सांग," म्हणाल्या आणि बाम घेऊन गेल्या. रूपलने नानांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. तिथून विचारून सांगितलं गेलं की तीच गोळी, तेवढीच, लगेच सुरू करा, आणि आठवड्यात दाखवायला या. मग नानांना फोन लावला. ते शेतात कापूस वेचणाऱ्या बायांमागे होते, वाऱ्याचा आवाज येत होता, आणि ते इतके आनंदात होते की रूपलचं वाक्य दोनदा अर्ध्यावर मोडलं. आता दम लागत नाही, डोकं हलकं आहे, फोनवर काय बोलायचं, घरी ये एकदा. पहिल्या पेपरात लिहिलेलं होतं की वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही आणि एखाद्या दिवशी एकदमच जाणवतो. परीक्षेत हे वाक्य लिहून तिला पैकीच्या पैकी मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार, दुपारी दोनला प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येकाने एक निरोगी स्वयंसेवक आणायचा होता आणि रूपलचा स्वयंसेवक पहाटे पाचपासून जांभळी साडी नेसून, थेपल्यांचा डबा मांडीवर घेऊन तयार बसला होता. सातच्या बसमध्ये लाडकुंवरबाईंनी खिडकी घेतली. पर्समध्ये दोन स्ट्रिपा, पिशवीत रक्तदाबाचं मशीन, आणि रूपलला काही केल्या दुसऱ्या पेपरातली आकृती आठवेना. तिला आठवत होता तो पिंपळनेरच्या माहेरचा दिवाणखाना. वडील, श्रेयांसजी, नुसते सुपारी कातरत बसलेले. पाहायला आलेली मंडळी ओळीने. तिच्या तोंडात कुणीतरी कौतुकाने अख्खी कचोरी कोंबली होती, ती गरम होती, आणि नेमकं तेव्हा लाडकुंवरबाईंनी विचारलं, पुढे अजून शिकायचंय का? रूपलला शिकायचं होतं. पुण्याच्या कॉलेजचा अर्ज वरच्या खोलीत होता, फोटो चिकटवलेला. पण कचोरी थुंकता येत नव्हती आणि गिळता येत नव्हती, डोळ्यांत पाणी आलं, तिने मान खाली घातली, आणि समोरच्या ओळीतून समाधानाचा एक मोठा उसासा निघाला. नाही शिकायचं. शालीन आहे. गिळून होईपर्यंत नारळ आला होता. पुढे बी.फार्म.च्या जोरावर तिला काउंटर मिळालं, नवरा अनुजही भला निघाला, तक्रार अशी नव्हतीच. पण तिच्या न बोलण्याचा हिशेब नेहमी दुसऱ्यांनीच मांडला होता. शाळेत गणिताच्या बाई तिला कळलं असं समजत. तिला नसे कळलेलं. नणदेच्या लग्नात ती रागावली असं सगळे समजले. तिची दाढ दुखत होती. आणि आजपर्यंत या सगळ्यात बिघडलं होतं ते तिचंच, त्यामुळे तिने कधी दुरुस्ती केली नव्हती. हे पहिलंच उदाहरण असं होतं की गप्प ती बसली आणि रक्तदाब दुसऱ्याचा चढला. पाळधी गेलं. लाडकुंवरबाईंनी डबा उघडला. "बींदणी, तोंड का असं? परीक्षेत मी हलणार नाही, काळजी करू नको." पुढे केलेला थेपला सुनेने घेतला नाही तेव्हा त्यांनी स्वतःच खाल्ला. एरंडोलला रूपल उठली आणि म्हणाली, मम्मीजी, इथे उतरायचंय.

नानांचं घर रिक्षाने तीन किलोमीटर. अंगणात कापसाचा ढीग, आणि ढिगाला टेकून नाना. छाती पुढे काढून बसले होते, आणि रूपलला दिसलं की ही छाती त्यांनी अलीकडेच अशी काढायला सुरुवात केली आहे. तिने आधी मशीनचा पट्टा दंडाला बांधला, पाच मिनिटं गप्प बसवलं, मग बटण दाबलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे चार. पुन्हा. एकशे शहात्तर, एकशे चार. आकडे तिने मोठ्याने वाचले. नानांनी ते शेजाऱ्याच्या मुलाचे गुण ऐकावेत तसे ऐकले.

"नाना, तीन तारखेला होता तो रिमोट होता. टीव्हीचा."

"माले काय कळत नही का? आमना घर बी टीव्ही शे," नाना म्हणाले. "सेल तं तुनी सासूना हातमां व्हतात."

लाडकुंवरबाईंनी होकारार्थी मान हलवली. साक्ष खरी होती.

मग गोळी का बंद केली, हे विचारायला रूपलला थोडा वेळ लागला, आणि नानांनी उत्तर द्यायला मुळीच लावला नाही. मोठ्या दवाखान्यात ज्याने केलं त्याचा फोन कानाशी होता, चार मिनिटांत झालं. तिने वीस मिनिटं पाहिलं. वीस मिनिटं एवढ्या बारकाईने त्यांच्याकडे लग्नातही कोणी पाहिलं नव्हतं. आत झुंबरबाई चहा उकळता उकळता हसल्या. आणि दुसरं, नाना पुढे वाकले. "गोळी देतांना तू चार गोष्टी सांगस. दर महिनाले सांगस, मना पाठ व्हयी ग्यात. त्या दिन तू एक बी नही बोलनी. काही ऱ्हातं तं तू सांगती नही का?"

रूपलला यात कुठे फट सापडेना. जे उपकरण प्रत्येक वेळी वाजतं ते एकदा वाजलं नाही, म्हणजे दोष नाही, हा निष्कर्ष कोणीही काढला असता. तिनेही काढला असता. पद्धत बरोबर होती, चुकीचं होतं ते उपकरण. सकाळचा पेपर शिकलेली बाई आणि दुपारचा पेपर शिकलेली बाई एकाच पांढऱ्या कोटात बसतात, हे नानांना कोणी सांगितलं नव्हतं. तिलाच कुठे माहीत होतं. तिने कसंबसं सांगितलं, की नाना, मी गप्प होते कारण माझ्यासमोर काही नव्हतंच. माझ्या डोळ्यांसमोर पुस्तकातलं पान होतं. मी त्यातलं हृदय पाहत होते.

नानांचा चेहरा पडला. रक्तदाबाच्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते याने झालं. "म्हनजे मनं काळीज देखंच नही तू?"

"नाही."

"वीस मिनिट?"

"वीस मिनिटं."

ते उठले, आत गेले, बाहेर आले. रूपलने स्ट्रिपेतून कात्रीने एक गोळी कापली, पाण्याच्या तांब्याजवळ ठेवली आणि चारही गोष्टी सांगितल्या, चौथी दोनदा. नानांनी गोळी उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली. आता आधी खरोखरचं पाहायचं, खऱ्या मशीनवर, तिनेच पाहायचं, मग गोळी. गोळीचा मशीनशी काही संबंध नाही, रूपल म्हणाली. संबंध आहे, नाना म्हणाले, आणि पायात वहाणा घालू लागले. डॉक्टर, आकडे, पेपर एक, सगळं संपलं होतं. उरला होता तो हट्ट, आणि हट्टाला गोळीसारखी मात्रा नसते. बस साडेदहाला होती. रूपलने त्या क्षणी स्वयंसेवक बदलला. लाडकुंवरबाई धुळे येईपर्यंत बोलल्या नाहीत, आणि पारोळा गेल्यावर एकदाच म्हणाल्या, "बींदणी, मग मी काय आता धुळ्याला चहा प्यायला चाललेय का?"

संस्थेत अर्जावरचं नाव खोडून भाईदासनानांचं घातलं. नावाअलीकडे 'निरोगी' असं छापलेलं होतं. रूपलने ते पट्टी ठेवून सरळ रेघेत खोडलं आणि वर लिहिलं: रक्तदाब वाढलेला, गोळी तेरा दिवस बंद. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं, पण रेघ इतकी सरळ होती की त्याने शिक्का मारला.

परीक्षेच्या खोलीत पडदे ओढलेले होते. परीक्षक बाई नाशिकच्या, हृदयाच्या डॉक्टर, हातात गुणपत्रिका. त्यांनी फक्त उभा छेद दाखवा म्हटलं आणि मागे उभ्या राहिल्या. नाना डाव्या कुशीवर, डावा हात डोक्याखाली, हे त्यांना सांगावं लागलं नाही. रूपलने जेल लावलं. खरा प्रोब रिमोटपेक्षा जड होता आणि कोमट. तिसऱ्या आणि चौथ्या बरगडीच्या मध्ये तिने तो टेकवला, खूण उजव्या खांद्याकडे, जरा खाली, जरा तिरपा, आणि करड्या धुक्यातून एकदम ते वर आलं. हलत होतं. पान एकेचाळीस कधीच हललं नव्हतं. झडप उघडत होती आणि मिटत होती, आपल्याकडे कोणी पाहतंय याची तिला फिकीर नव्हती. रूपल क्षणभर परीक्षा विसरली. हा कापसाच्या ढिगाला टेकून बसणारा माणूस आतून असा होता, इतका उद्योगी. मग तिची नजर दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर गेली. तिने दोन खुणा टाकून मोजलं. पुस्तकात नऊ मिलिमीटर होता. इथे चौदा. वर्षानुवर्षं दाबाविरुद्ध ढकलून ढकलून भिंत जाड झाली होती, गाडा ओढणाऱ्याच्या दंडासारखी. परीक्षक बाईंच्या पेनचा आवाज झाला. आणि नानांनी मान वळवली.

"भाभी, बठ्ठं बराबर शे ना?"

तिच्या चेहऱ्यावर पोस्टाची खिडकी आपोआप आली. सहा महिन्यांची सवय. ती आली हे तिला आतून जाणवलं, कातडी ताणल्यासारखं, आणि त्याच वेळी तिला दिसलं की नाना वाचताहेत. ओठ किंचित हलवत, पाटी वाचावी तसं. अजून दोन सेकंद, आणि त्यांचं वाचून होणार होतं. नियमाप्रमाणे चौदा हा आकडा ती सांगू शकत नव्हती, आणि तो तिने सांगूही नये, हे तिला पटत होतं. सहा मिनिटांच्या हिशेबाने शिकलेल्या बाईने कोणाला त्याच्या हृदयाबद्दल काही सांगू नये. पण गप्प राहणं म्हणजे काही न सांगणं, हे ज्याने पुस्तकात लिहिलं त्याला कधी कचोरी कोंबली गेली नसावी. तिने प्रोब जागेवर धरून ठेवला आणि तोंड उघडलं.

"नाना, मी बोलत नाही याचा अर्थ बरं आहे असा नाही. वाईट आहे असाही नाही. याचा अर्थ एवढाच, की मला बोलायची परवानगी नाही."

मशीनचा पंखा फिरत होता. नानांनी हे घोळवलं. मग विचारलं, "मंग परवानगी कोनले शे?"

रूपलने डोळ्यांनीच मागे दाखवलं. नाना जेलसकट कोपरावर उठले, पडद्यावरचं हृदय नाहीसं झालं, आणि त्यांनी परीक्षक बाईंना सगळं बरोबर आहे ना, हा तोच प्रश्न विचारला, जरा अदबीने, बाई नाशिकच्या होत्या म्हणून. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, तिथे रूपलचा चौदाचा आकडा अजून कोपऱ्यात होता. मग रूपलच्या अर्जाकडे पाहिलं, खोडलेल्या शब्दाकडे. त्या काही बोलायला निघाल्या आणि थांबल्या. परीक्षा चालू होती, त्यांनी काही सांगितलं असतं तर ते उत्तर ठरलं असतं. त्यांनी ओठ मिटले.

नानांनी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. दोन शिकलेल्या बाया, दोघी गप्प, आणि गप्प म्हणजे बरं हा त्यांचा हिशेब आता चालत नव्हता. त्यांची छाती हळूहळू खाली आली, नेहमीच्या मापाला. त्यांनी चिकट बोटांनी खुंटीवरच्या सदऱ्याचा खिसा चाचपला आणि गोळी काढली.

"पानी शे का?"

परीक्षक बाईंनी गुणपत्रिका काखेत धरली, टेबलावरची आपली बाटली उचलली, झाकण उघडलं आणि पुढे केली. नानांनी गोळी जिभेवर ठेवली, दोन घोट घेतले, तिसरा खात्रीसाठी घेतला, बाटली परत दिली. मग पुन्हा डाव्या कुशीवर झाले, डावा हात डोक्याखाली घेतला आणि डोळे मिटले.

"आत्ते देख," ते म्हणाले. "बिगर घाईनं देख."

रूपलने थोडं जेल आणखी घेतलं. हृदय पुन्हा सापडायला तिला दोन श्वास लागले. मग तिने, बाईंना न विचारता, प्रोब सावकाश नव्वद अंश, आडव्या छेदाकडे फिरवला.